आधी प्रश्न, मग प्रणाली : जीएसटीच्या विवरणपत्रांनी शिकवलेला धडा

नवी दिल्ली – एखादे सरकारी पोर्टल मुदतीच्या अखेरच्या दिवशी बंद पडले, की चर्चा सर्व्हरची क्षमता, इंटरनेटचा वेग आणि कंत्राटदार कंपनीची कार्यक्षमता यांच्याभोवती फिरू लागते. वस्तू व सेवा कराच्या (जीएसटी) विवरणपत्रांचा २०१७पासूनचा प्रवास तपासला असता मात्र दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा त्याही आधीच्या टप्प्यात आढळते. कोणी कोणती माहिती द्यायची, केव्हा द्यायची, ती कोणी पडताळायची आणि चूक झाल्यास मागे कसे यायचे, हे प्रश्न संगणकाला हात लावण्यापूर्वी सोडवायचे असतात. ते सुटले नाहीत, तर त्यांची किंमत पुढे वापरकर्ता मोजतो.

हा अनुभव आज नव्याने महत्त्वाचा ठरतो. १ एप्रिल २०२६ ही अंमलबजावणीची तारीख असलेला नवा प्राप्तिकर कायदा आणि २०२७ची देशातील पहिली डिजिटल जनगणना, या दोन्ही उपक्रमांचे यश कायद्याच्या मसुद्याइतकेच त्यामागील माहिती प्रणालींवर अवलंबून आहे.

संगणकाआधीचे काम

संस्थेसाठी माहिती प्रणाली उभारण्याचे काम ढोबळमानाने दोन भागांत विभागले जाते. पहिला भाग विश्लेषणाचा. त्यात सध्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते, ते कोण करते, कागद कोणाकडून कोणाकडे जातो, कुठे अडतो आणि नव्या व्यवस्थेकडून नेमकी अपेक्षा काय, याचा शोध घेतला जातो. दुसरा भाग रचनेचा. त्यात या गरजांना अनुसरून नमुने, तपासण्या, मुदती, अधिकार आणि माहितीचा साठा यांची आखणी होते. त्यानंतर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर, चाचणी, टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी आणि देखभाल असा क्रम असतो.

कागदावर हा क्रम साधा दिसतो. प्रत्यक्षात पहिलाच टप्पा सर्वाधिक घाईत उरकला जातो, कारण त्या काळात दाखवण्यासारखे काहीच तयार होत नाही. उद्घाटन पोर्टलचे होते. गरजांच्या यादीचे होत नाही. शिवाय या टप्प्यातील चूक लगेच दिसतही नाही. लाखो लोक प्रणाली वापरू लागल्यानंतर ती उघड होते आणि तोवर दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढलेला असतो.

महिन्याला तीन विवरणपत्रे

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला, तेव्हा केंद्र आणि राज्यांचे १७ कर व १३ उपकर त्यात विलीन झाले. या कराचा कणा म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, अर्थात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट. उदाहरणार्थ, इंदूरच्या किरकोळ विक्रेत्याने भिवंडीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून एक लाख रुपयांचा माल घेतला आणि १८ टक्के दराने १८ हजार रुपये कर दिला. तोच माल त्याने एक लाख २० हजारांना विकला, तर विक्रीवरील कर २१ हजार ६०० रुपये होतो. आधी दिलेले १८ हजार वजा करून सरकारकडे त्याने केवळ ३ हजार ६०० रुपये भरायचे. ही वजावट अडकली, तर तेवढी रक्कम त्याच्या खेळत्या भांडवलातून जाते.

वजावट खरी आहे, हे ठरवण्यासाठी विक्रेत्याचे आणि खरेदीदाराचे बीजक जुळले पाहिजे. मूळ रचनेत यासाठी नियमित करदात्यावर महिन्याला तीन विवरणपत्रे बंधनकारक होती. विक्रीचा तपशील जीएसटीआर-१मध्ये दहा तारखेपर्यंत, खरेदीचा जीएसटीआर-२मध्ये १५ तारखेपर्यंत आणि दोहोंवर आधारित अंतिम हिशेब जीएसटीआर-३मध्ये २० तारखेपर्यंत. विक्रेत्याने भरलेली बीजके खरेदीदाराला आपोआप दिसणार, खरेदीदार ती मान्य किंवा अमान्य करणार वा राहिलेली जोडणार, ते बदल पुन्हा विक्रेत्याकडे जाणार, अशी ती साखळी होती. वार्षिक विवरणपत्र धरून एका करदात्याची वर्षाकाठी ३७ विवरणपत्रे होत.

तर्काच्या कसोटीवर ही रचना निर्दोष होती. दोन्ही बाजूंची संमती असलेले प्रत्येक बीजक सरकारकडे पोहोचले असते आणि खोट्या बिलांना जवळपास वावच राहिला नसता. त्रुटी होती ती गृहीतकात. देशातील प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याकडे दरमहा त्या दहा दिवसांत संगणक, इंटरनेट, हिशेबनीस आणि पुरवठादारांशी एकेका बीजकाबद्दल बोलायला सवड असेल, असे ही रचना धरून चालली होती. शिवाय साखळीतील एकाने उशीर केला, की पुढचे सारे अडत. मोठ्या कंपनीच्या लेखा विभागाला हे काम जड नव्हते. एकट्याने दुकान चालवणाऱ्याला ते पेलणारे नव्हते.

कायद्याआधी कंत्राट

या गृहीतकाची तपासणी करायला वेळच उरला नव्हता, हे तारखांच्या क्रमावरून स्पष्ट होते. जीएसटी नेटवर्क (जीएसटीएन) ही कंपनी मार्च २०१३मध्ये स्थापन झाली. सॉफ्टवेअर उभारणीचे सुमारे १,३८० कोटी रुपयांचे कंत्राट इन्फोसिसला सप्टेंबर २०१५मध्ये देण्यात आले. त्यावेळी घटनादुरुस्तीही झालेली नव्हती. तिला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली ती सप्टेंबर २०१६मध्ये. केंद्रीय जीएसटी कायदा एप्रिल २०१७मध्ये अस्तित्वात आला. बहुतांश वस्तू आणि सेवांचे दर मे महिन्यातील श्रीनगरच्या बैठकीत ठरले आणि विवरणपत्रांच्या नियमांना जीएसटी परिषदेने ३ जून रोजी, म्हणजे अंमलबजावणीच्या चार आठवडे आधी, मान्यता दिली.

घराचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी भिंती उभ्या राहाव्यात, तसा हा प्रकार होता. केंद्र आणि सर्व राज्यांमध्ये सहमती घडवत जाणाऱ्या कायद्यात काही प्रमाणात असे होणे अपरिहार्यही होते. परंतु ज्या प्रणालीच्या गरजा अखेरच्या महिन्यापर्यंत बदलत राहतात, तिची चाचणी खऱ्या वापरकर्त्यांकडून करून घेण्यास अवधी राहत नाही. मग ती चाचणी पहिल्या दिवसापासून जनतेवरच होते.

तात्पुरता उपाय कायम झाला

अडचण सरकारला आधीच जाणवली होती. म्हणून जुलै आणि ऑगस्ट २०१७ या दोन महिन्यांपुरते जीएसटीआर-३बी हे संक्षिप्त विवरणपत्र आणण्यात आले. यात बीजकांचा तपशील नव्हता. करदात्याने स्वतः एकत्रित आकडे भरून कर जमा करायचा होता. दोन महिन्यांसाठी आलेली ही सोय आजही सुरू आहे. १० नोव्हेंबर २०१७ रोजी गुवाहाटीच्या बैठकीत जीएसटीआर-२ आणि जीएसटीआर-३ स्थगित झाले. ते पुन्हा आलेच नाहीत.

दरम्यान, दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना विक्रीचा तपशील तिमाही देण्याची सवलत ऑक्टोबर २०१७मध्ये जाहीर झाली. लहान व्यापाऱ्यांना दिलासा देणारा हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यातून नवा पेच उभा राहिला. खरेदीदाराचा हिशेब मासिक आणि त्याच्या पुरवठादाराची बीजके तिमाही, मग जुळणी होणार कशी? प्रणालीच्या एका भागातील बदलाचा दुसऱ्या भागावर काय परिणाम होईल, हा विश्लेषणातील मूलभूत प्रश्न येथे अनुत्तरित राहिला.

जुळणी नसल्याने वजावटीचा दावा करदात्याच्या शब्दावर मान्य होऊ लागला. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांनी जुलै २०१९मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात नेमके यावरच बोट ठेवले. दोन वर्षे उलटूनही बीजक जुळणीवर आधारित वजावटीची व्यवस्था उभी राहिलेली नाही. विवरणपत्रांची गुंतागुंत आणि तांत्रिक अडचणी यांमुळे ती मागे घ्यावी लागली आणि परिणामी व्यवस्था गैरप्रकारांना खुली राहिली, असा त्याचा आशय होता. खोटी बिले तयार करून वजावट लाटणाऱ्या टोळ्यांवरील कारवाया त्यानंतर नित्याच्या झाल्या.

मागे येण्याची वाट

माणसे चुका करतात, हे गृहीत धरून प्रणाली आखावी लागते. जीएसटीच्या सुरुवातीच्या रचनेत हीच वाट अरुंद होती. जुन्या करांतील शिल्लक वजावट नव्या व्यवस्थेत आणण्यासाठी ट्रॅन-१ हा नमुना होता आणि त्याची मुदत २७ डिसेंबर २०१७पर्यंत वाढवण्यात आली होती. पोर्टलवरील अडथळ्यांमुळे अनेकांना तो वेळेत भरता आला नाही आणि देशभरातील उच्च न्यायालयांत याचिकांची रांग लागली. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये एका कंपनीच्या याचिकेवर सुनावणी करताना कठोर शब्दांत नाराजी व्यक्त केली. करदात्यांना संकेतस्थळ सहजपणे वापरता येत नसेल, तर नव्या कराच्या उत्सवाला अर्थ उरत नाही, असा त्या निरीक्षणाचा रोख होता. अखेर जुलै २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोर्टल दोन महिन्यांसाठी पुन्हा उघडण्याचा आदेश दिला आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२मध्ये ती संधी मिळाली. एका नमुन्यासाठी व्यापाऱ्यांना जवळपास पाच वर्षे थांबावे लागले.

दुसरे प्रकरण मोठ्या कंपनीचे आहे. जुलै ते सप्टेंबर २०१७ या काळात खरेदीची बीजके दाखवणारी सुविधा कार्यरत नसल्याने आपण ९२३ कोटी रुपयांचा कर रोखीने जादा भरला, असे भारती एअरटेलचे म्हणणे होते. त्या महिन्यांचे जीएसटीआर-३बी दुरुस्त करू देण्याची तिची मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ऑक्टोबर २०२१मध्ये तो निकाल रद्द ठरवला. कराचे स्वयंनिर्धारण स्वतःच्या वह्यांवरून करणे ही करदात्याचीच जबाबदारी असून पोर्टलवरील सुविधा केवळ साह्यभूत आहे, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न निकालात निघाला. प्रणालीच्या दृष्टीने त्यातून निघणारा अर्थ असा, की जे साधन करदात्याला आधार म्हणून दिले जाते, ते कोलमडल्यास जबाबदारी त्याच्याकडेच राहते.

टप्प्याटप्प्याने गेले, ते टिकले

याच कराच्या इतर भागांत वेगळा अनुभव आला. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालवाहतुकीसाठी ई-वे बिल १ फेब्रुवारी २०१८पासून देशभर सक्तीचे होणार होते. पहिल्याच दिवशी यंत्रणा कोलमडली आणि सक्ती पुढे ढकलावी लागली. दुसऱ्या प्रयत्नात पद्धत बदलली. १ एप्रिलपासून प्रामुख्याने आंतरराज्य वाहतूक आणि १५ एप्रिलपासून काही राज्यांच्या गटांनी राज्यांतर्गत वाहतूक, असे टप्पे ठरवण्यात आले. या वेळी व्यवस्था स्थिरावली.

ई-बीजकाच्या बाबतीत हा धडा आधीच गिरवला गेला. ऑक्टोबर २०२०मध्ये ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांपासून सुरुवात झाली. पुढे मर्यादा १०० कोटी, ५० कोटी, २० कोटी, १० कोटी अशी उतरत ऑगस्ट २०२३मध्ये पाच कोटींवर आली. ज्यांच्याकडे स्वतःचे लेखा सॉफ्टवेअर आणि मनुष्यबळ होते, त्यांच्यावर प्रयोग आधी झाला. उणिवा दूर झाल्यावर तो लहानांपर्यंत पोहोचला. मूळ विवरणपत्रांच्या बाबतीत मोठे आणि लहान यांना एकाच दिवशी एकाच दारात उभे केले गेले होते.

गर्दीवरचा एक उपाय तर संगणकाबाहेरचा होता. दरमहा २० तारखेला होणारी झुंबड पाहून जानेवारी २०२०मध्ये अर्थ मंत्रालयाने पाच कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांसाठी राज्यनिहाय २२ आणि २४ अशा दोन तारखा जाहीर केल्या. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, गुजरात आणि कर्नाटक २२ तारखेच्या गटात आले. मुदतीची फेररचना केली, की यंत्रणेवरचा भार विभागला जातो, हे रचनेचे साधे सूत्र येथे उपयोगी पडले.

जुनी कल्पना, नवा आराखडा

मार्च २०२०मध्ये परिषदेसमोर इन्फोसिसचे अध्यक्ष नंदन नीलेकणी यांनी सादरीकरण केले. पूर्णपणे नवीन विवरणपत्र पद्धती एकदम आणण्याऐवजी चालू व्यवस्थेतच क्रमाक्रमाने सुधारणा करण्याचा मार्ग त्यानंतर स्वीकारला गेला. पुढील पाच वर्षांतील बदल वरवर किरकोळ वाटतात. एकत्र पाहिल्यास त्यांतून एक सुसंगत आराखडा उभा राहतो.

ऑगस्ट २०२०मध्ये जीएसटीआर-२बी आले. त्याआधीची खरेदीची यादी सतत बदलत असे. आज दिसणारी वजावट उद्या वेगळी असू शकत होती. नवी यादी साधारणपणे दरमहा १४ तारखेला तयार होते आणि स्थिर राहते. जानेवारी २०२१पासून पाच कोटींपर्यंत उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तिमाही विवरणपत्र आणि मासिक कर भरणा हा पर्याय मिळाला. त्यासोबतच तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत फक्त नोंदणीकृत ग्राहकांची बीजके अपलोड करण्याची ऐच्छिक सोय देण्यात आली. मासिक खरेदीदार आणि तिमाही पुरवठादार यांच्यातला २०१७चा पेच या लहानशा सोयीने बऱ्याच अंशी सुटला. ऑगस्ट २०२४पासून जीएसटीआर-१ए उपलब्ध झाले, त्यामुळे कर भरण्यापूर्वी विक्रीच्या तपशिलातील चूक सुधारता येऊ लागली.

ऑक्टोबर २०२४मध्ये बीजक व्यवस्थापन प्रणाली सुरू झाली. खरेदीदाराला प्रत्येक बीजक स्वीकारता, नाकारता किंवा प्रलंबित ठेवता येते. हे काम मुळात जीएसटीआर-२चेच. फरक रचनेत आहे. त्या वेळी प्रत्येकाने प्रत्येक महिन्यात कृती करणे सक्तीचे होते. आता काहीच केले नाही, तर बीजक मान्य झाल्याचे समजले जाते आणि खरेदीदाराला केवळ चुकीच्या नोंदींकडे लक्ष द्यावे लागते. कामाचा भार अपवादांपुरता मर्यादित राहिला. सात वर्षांपूर्वी नाकारली गेलेली कल्पना यामुळे स्वीकारार्ह झाली.

जोखीम कोणाच्या माथी

एक प्रश्न मात्र अद्याप मोकळाच आहे. जानेवारी २०२२पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार पुरवठादाराने बीजक आपल्या विवरणपत्रात दाखवले असेल, तरच खरेदीदाराला वजावट मिळते. पुरवठादाराने पुढे विहित मुदतीत विवरणपत्र भरून कर जमा केला नाही, तर घेतलेली वजावट परत करावी लागते. त्याने नंतर भरल्यास ती पुन्हा घेता येते. खोट्या बिलांना आळा घालण्यासाठी ही अट परिणामकारक आहे. तथापि, इंदूरच्या त्या विक्रेत्याने १८ हजार रुपये बँकेतून दिले, माल घेतला, बिल जपून ठेवले, तरी भिवंडीच्या व्यापाऱ्याच्या चुकीचा भुर्दंड त्यालाच बसतो. पुरवठादाराकडून कर वसूल करण्याचे अधिकार सरकारकडे आहेत. खरेदीदाराकडे तगादा लावण्यापलीकडे काही नाही.

कोणते खाते रिकामे राहिल्यास कोणाचे पैसे थांबतील, हे तांत्रिक तपशिलासारखे भासते. प्रत्यक्षात तो न्यायाचा निर्णय असतो, आणि प्रणालीच्या आराखड्यात तो एका ओळीत घेतला जातो.

पुढील कसोटी

प्राप्तिकरात याचे जवळचे उदाहरण आहे. पगारातून कर कापला गेला, परंतु मालकाने तो भरला नाही किंवा त्याची नोंद केली नाही, तर फॉर्म २६एएसमध्ये ती रक्कम दिसत नाही. अशा वेळी कापलेल्या रकमेपुरती करदात्याकडून पुन्हा वसुली करता येत नाही, असे १९६१च्या कायद्यातील कलम २०५ सांगते. तरीही नोंदी पाहून मागणीची नोटीस निघते आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाला २०१५मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना या तरतुदीची लेखी आठवण करून द्यावी लागली. कायद्याने दिलेले संरक्षण प्रणालीच्या आराखड्यात उतरले नव्हते, असाच याचा अर्थ होतो.

नव्या कायद्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘कर निर्धारण वर्ष’ यांची जागा ‘कर वर्ष’ या एकाच संज्ञेने घेतली आहे. भाषा सोपी करण्याचा हा प्रयत्न स्वागतार्ह आहे. पण पगारदार, निवृत्तिवेतनधारक आणि लहान व्यावसायिक यांना त्याचा लाभ मिळेल की नाही, हे पोर्टलच्या पडद्यामागे तीन गोष्टी ठरल्या आहेत का, यावर अवलंबून राहील : दुसऱ्याच्या चुकीने अडकलेल्या रकमेचा पुरावा करदात्याने कुठे द्यायचा, तो कोणी किती दिवसांत तपासायचा आणि तोवर मागणीची नोटीस थांबवायची की नाही. जीएसटीमध्ये अशा प्रश्नांची उत्तरे शोधण्यास सात वर्षे लागली. काहींची उत्तरे अजूनही मिळालेली नाहीत.